वन्संच्या टाचांमागे

त्या खोऱ्यात मी जवळजवळ वीस वर्षं चालले आणि मला तिथली वाट माहीत नव्हती. हे लिहिताना माझा मलाच राग येतोय, पण खरं ते असं आहे. मला माहीत होत्या त्या वन्संच्या टाचा. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, तिथे त्यांनी स्वतःच रबराचा लाल तुकडा चिकटवलेला. तो तुकडा मी झोपेतही ओळखला असता.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. सरकारी कचेरीत नोकरी केली आणि नारायण पेठेतल्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये आमच्याबरोबर राहिल्या. आमचं पटायचं असं म्हणणं म्हणजे निव्वळ थाप होईल. चहात आलं किसून घालायचं की ठेचून, यावरून आम्ही अख्खी सकाळ एकमेकींशी बोलायचो नाही. "तुझ्या हाताला चव आहे गं, फक्त पदार्थापर्यंत पोचत नाही," असं त्या जेवता जेवता म्हणायच्या आणि वर दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यायच्या.

माझा नवरा गेला तेव्हा मी वर्षभर घरात बसून होते. लेक तेव्हा शिकत होती, ती कॉलेजला गेली की मी आणि वन्सं. एका रविवारी सकाळी त्यांनी माझ्यासमोर कॅनव्हासचे नवे बूट आणून टाकले. म्हणाल्या, "ऊठ. किती दिवस भिंतीकडे बघत बसणारेस? भिंत काही बोलायची नाही." मी म्हटलं, "कुठे जायचंय?" तर म्हणाल्या, "चालायला. विचारायला नाही."

त्या आधीपासून एकट्या जायच्या, हे मला ठाऊक होतं. रविवारी पहाटे उठून थर्मास भरताना आवाज व्हायचा आणि मी पांघरुणात वैतागायचे. आता त्या आवाजात मीही सामील झाले. स्वारगेटहून सकाळची पहिली एसटी पकडायची, घाटाच्या अलीकडे खालच्या गावात उतरायचं आणि नदीच्या काठाकाठाने वर वर चालत खोऱ्याच्या टोकाच्या गावापर्यंत जायचं. तिथल्या देवळाच्या पायरीवर चहा आणि पोळीची गुंडाळी. मग त्याच वाटेने परत. बास. किल्ला नाही, धबधबा नाही, फोटो काढण्यासारखं काहीही नाही. म्हणूनच तिथे गर्दी नसायची.

चालताना आम्ही बोलायचो नाही. घरात भांडणाऱ्या आम्ही दोघी त्या वाटेवर अगदी गुण्यागोविंदाने चालायचो. जाताना वन्सं पुढे, मी मागे. येताना मी पुढे, त्या मागे. हा त्यांचा नियम. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. उतारावर त्यांचे गुडघे दुखायचे, तेव्हा आपल्या हळूपणाची कुणाला अडचण नको म्हणून त्या मागे राहत असतील, असं मी धरून चालले होते. येताना मागून त्यांच्या काठीची टकटक ऐकू यायची. ती थांबली की मीही थांबायचे.

आणखी एक सवय त्यांनी मला लावली होती. जाताना दर वळणावर स्वतः मागे न बघता पुढूनच ओरडायच्या, "मागे वळून बघ!" कारण परतताना वाट वेगळी दिसते. जाताना जे झाड उजवीकडे, ते येताना डावीकडे. चढावर जो दगड लपलेला असतो तो उतारावर समोर येतो. डोंगरात नवे लोक चुकतात ते येताना चुकतात, असं त्यांचं म्हणणं. मग मी मुकाट वळून बघायचे. न बघितलं तर त्यांना कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं. "डोळे दिलेत ते चष्मा अडकवायला का?" असं पुढून यायचंच.

वाटेत एक कारवीची दाट झाडी लागायची. डोक्याच्या वर गेलेली कारवी दोन्ही बाजूंनी वाकलेली, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. त्या झाडीत शिरलं की वन्सं ओढणीच्या टोकाने सारख्या तोंड पुसायच्या. मागून मला फक्त त्यांची पाठ आणि वर गेलेला हात दिसायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, भाऊ गेलेला, घरात ही बाई कधी डोळ्यांतून टिपूस काढत नाही, इथे येऊन रडते. पुढच्या खेपेला तेच. मग मी समजून चुकले की ही त्यांची रडायची जागा आहे, आणि तिथे मी आपोआप दोन पावलं मागे राहू लागले. वीस वर्षं मी तेवढं अंतर राखलं. आपल्याला कुणी बघू नये असं वाटत असेल तर आपण बघू नये, एवढी अक्कल मला होती.

मागच्या थंडीत वन्सं गेल्या. फार आजारी नव्हत्या. हॉस्पिटलमध्ये थोडे दिवस होत्या, तिथल्या चहाला नावं ठेवत होत्या, आणि एका दुपारी गेल्या. घरी आल्यावर मी दोन कप चहा टाकला, आलं ठेचून, त्यांना आवडायचं तसं. मग एक कप ओट्यावर तसाच राहिला. त्या दिवसानंतर घर इतकं गप्प झालं की फ्रिजचा आवाज मला त्रास देऊ लागला.

माझी लेक बंगळूरला असते, आयटीत. फोन रोज करते. "आई, तू आता इकडेच ये. तुझी रूम रेडी आहे, बाल्कनी पण आहे." मुलगी चांगली आहे, जावई चांगले आहेत, बाल्कनीही चांगलीच असेल. पण त्या बाल्कनीतून मला खाली पार्किंग बघत दिवस काढायचे होते का? मी तिला म्हटलं, "दिवाळी होऊ दे, मग बघू." तिला सांगितलं नाही, पण मी मनाशी पक्कं केलं होतं. आठवड्यातला रविवार एवढीच एक गोष्ट माझी स्वतःची होती. ती वाट मला एकटीला चालता आली तर मी पुण्यात राहणार होते. नाही आली तर मुकाट बॅग भरायची.

आधी मी सोपा मार्ग करून बघितला. पेठेतल्याच एका ओळखीच्या बाईंचा मुलगा एका ग्रुपबरोबर डोंगरात जातो, त्या ग्रुपबरोबर गेले. कपड्यांचे रंग असे की गुरं बिथरावीत. एकाच्या सॅकला गाणी वाजवणारा डबा लटकवलेला. "काकू, यू आर सच अ इन्स्पिरेशन!" असं एक मुलगी तीन ठिकाणी म्हणाली. आणि मला त्यांनी रांगेच्या मधोमध घातलं. "काकू, तुम्ही मधेच राहा, सेफ." म्हणजे परत कुणाच्या तरी टाचा, आणि त्याही अनोळखी. शिवाय ते गेले एका किल्ल्यावर. पोरं प्रेमळ होती, मला हात देत होती, पाणी देत होती. परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि मला इतकं एकटं वाटत होतं, तितकं रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

दिवाळी झाली. फराळ मी केलाच नाही. रविवारी थर्मास भरला आणि वन्संची काठी घेऊन निघाले. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, प्लीज, मॅप लाव आणि लाइव्ह लोकेशन ऑन ठेव." बाई गं, त्या खोऱ्यात रेंज कुठली! आणि मॅपवर ती वाटच नाही. नदीची निळी रेघ आहे, तिच्या दोन्ही बाजूंना हिरवा रंग, संपलं.

खालच्या गावात उतरले, शाळेच्या मागून भातखाचरांच्या बांधावर आले. इथपर्यंत ठीक होतं. भात कापून झाला होता, खाचरांत नुसते बुडखे. पुढे आंब्याचं एक मोठं झाड आहे, त्याच्याजवळ वाट फुटते. एक फाटा, दोन फाटे, तिसरा गवतात शिरलेला. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. यातली कुठली? वीस वर्षं मी या झाडाखालून गेले होते. वन्सं इथे डावीकडे वळायच्या की सरळ जायच्या? मला आठवत होता तो लाल रबराचा तुकडा, वर खाली, वर खाली. तो कुठल्या बाजूला वळायचा ते काही केल्या आठवेना.

सगळ्यात रुळलेली वाट धरली. हीच मोठी चूक. सगळ्यात रुळलेली वाट गुरांची असते, गुरं रोज जातात, माणसं कधीमधी. मी तासभर चढले. ती वाट एका गवताळ टेपाडावर जाऊन फुटली आणि संपली. तिथे एक बाई गवत कापत होती. तिने विळा थांबवून माझ्याकडे बघितलं.

"ह्यी वाट न्हाय बाई. ह्यी गुरांची हाय."

"असं होय," मी म्हटलं. मुद्दामच इकडे आले असा आव आणायचा प्रयत्न केला. पुणेकर चुकला तरी कबूल कसा करेल!

तिने मला नीट न्याहाळलं. "तुमी त्या दोघी न्हवं? रईवारी असता की. आज एकल्याच? त्या म्होरं चालायच्या त्या बाई कुठं हायत?"

मी म्हटलं, "त्या गेल्या."

"कुठं?" असं तिने विचारलं, आणि मग माझ्या हातातली काठी बघून विळा खाली ठेवला. म्हणाली, "पानी प्या. नदीपतुर सोडाया येऊ का?"

येऊ द्यायचं होतं. जिवापासून वाटत होतं की म्हणावं, चला हो बाई, तुम्ही पुढे व्हा. पण मग त्यात काय उरलं? मी म्हटलं, "नको, मी आता परतते." आणि परतले. बंगळूरची बॅग कुठली घ्यायची, मोठी की मधली, याचा विचार करत उतरले. डोळे भरून आले होते, ते वाऱ्याने असं स्वतःला सांगत होते.

आंब्याच्या झाडापाशी आले आणि बांधाकडे वळले, तेव्हा एकदम थबकले. समोर सगळं ओळखीचं! बांधाचा तो कोपरा, तिथे पडलेला पालथा दगड, लांबवर शाळेचं कौलारू छप्पर, त्याच्या डाव्या अंगाला नदीचं वळण. डोळे मिटूनही मी इथून बसस्टॉपपर्यंत गेले असते. मी मागे वळले. सगळं परकं. पुन्हा पुढे वळले. सगळं माझं. असं मी चार-पाच वेळा केलं. बांधावरची एक म्हैस रवंथ थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

मग डोक्यात प्रकाश पडला. येताना मी पुढे असायचे! आणि जाताना "मागे वळून बघ" म्हणून मला सारखं परतीच्याच बाजूला बघायला लावलं होतं. मला वाट माहीत होती. फक्त परतीची माहीत होती, जायची नाही. असली अर्धवट माहिती जगात दुसऱ्या कुणाला असेल असं वाटत नाही. मी त्या बांधावर एकटीच हसले. पुष्कळ दिवसांनी हसले, म्हणून आवाज थोडा विचित्र आला.

पुढच्या रविवारी मी उलटं केलं. खोऱ्याच्या टोकाच्या गावाला आता डांबरी रस्ता झालाय, पलीकडच्या घाटातून वळसा घालून एक गाडी जाते. ती जाते उशिरा, पोचते दुपारी. देवळाच्या पायरीवर एकटीने चहा घेतला आणि उतरायला लागले. आणि काय सांगू, पाय आपणहून पडत होते. इथे डावीकडचा पांढरा कातळ, इथे ओढा, इथे वाट जरा खचलेली, कडेने जायचं. कुठेही थांबावं लागलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "बघितलंत का वन्सं!"

मागून काही आवाज आला नाही. काठीची टकटक नव्हती. काठी माझ्याच हातात होती.

नदी ओलांडायची जागा आली. तिथे आमचा एक रिवाज होता. आधी पलीकडे जाईल तिने काठावर उभं राहायचं, दुसरी दगडांवरून सुखरूप येईपर्यंत हलायचं नाही. मी ओलांडून गेले, वळले आणि उभी राहिले. सवयीने. पाणी दगडांमधून खळखळत होतं, पलीकडचा काठ रिकामा होता. किती वेळ उभी होते कळलं नाही. कुणाची वाट बघत होते मी? कोण येणार होतं? मग माझा धीर सुटला. मी तिथल्या खडकावर बसून मोठमोठ्याने रडले. नवरा गेल्यावर लोक होते, म्हणून हळू रडावं लागलं होतं. इथे कुणी नव्हतं.

रडून झाल्यावर समोर बघितलं, आणि मला पलीकडचा चढ दिसला. जाताना वन्संना जसा दिसत असेल तसा. नदीपासून निघालेली वाट एका पळसाच्या उजवीकडून वर जात होती. हे मी आधी कधी बघितलंच नव्हतं, कारण जाताना इथे माझ्या डोळ्यांसमोर बुटाची टाच असायची, आणि येताना इथे उभी राहून मी दगडांवरून येणाऱ्या वन्संचे पायच बघायचे. मी उठले. मग पुढे प्रत्येक वळणावर थांबले आणि मागे वळून बघितलं. वन्संनी शिकवलं होतं तसंच, फक्त उलटं. येताना बघत बघत जायची वाट शिकले. कारवीतून गवताचे भारे घेऊन दोन बायका वर येत होत्या, त्यांना वाट द्यायला बाजूला झाले, मग पुढे गेले आणि तिथेही वळून बघितलं. आंब्यापाशी वळून बघितलं. वाट डावीकडची होती, गवतात शिरलेली.

वन्संनी मला येताना पुढे का ठेवलं असेल? गुडघ्यांसाठी, की मी निदान अर्धी तरी शिकावी म्हणून? विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, "तू मागे असलीस की तुझं धापा टाकणं ऐकावं लागतं. म्हटलं एका बाजूला तरी शांतता." आणि खरं काय ते पोटात ठेवलं असतं.

त्याच्या पुढच्या रविवारी सकाळची पहिली गाडी पकडली. खालचं गाव, शाळा, बांध. आंब्यापाशी डावीकडे, गवतात. वाट बरोबर होती. उजव्या हाताला नदी चमकू लागली. माझ्यापुढे टाचा नव्हत्या, सरळ खोरं दिसत होतं, थेट वरच्या गावापर्यंत. एवढं मोठं आहे हे? मला माहीतच नव्हतं.

मग कारवी आली. आत शिरले. ऊन अजून तिथे पोचलं नव्हतं, पानांवर दव होतं. चार पावलं टाकली आणि फट्कन तोंडावर काहीतरी चिकटलं. नाकावर, पापण्यांवर, ओठांवर. मी केवढ्याने किंचाळले! कोळ्याचं जाळं होतं, वाटेवर आडवं विणलेलं, भलं मोठं. ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. दोन पावलं गेले, आणखी एक. परत पुसलं. परत एक.

मी हात वर धरून तशीच उभी राहिले.

सकाळी जो पहिला जातो त्याच्या तोंडावर जाळी येतात. मागून येणाऱ्याला वाट साफ मिळते. वीस वर्षांत माझ्या तोंडावर त्या झाडीत एकदाही जाळं आलं नव्हतं, आणि मी मागून बघत होते, बिचाऱ्या भावासाठी रडतायत म्हणून. दोन पावलं मागे राहत होते! एवढ्या तिरकस बोलणाऱ्या बाईने एकदाही सांगितलं नाही की बये, तुझ्या वाट्याची जाळी मी तोंडावर घेतेय.

मी ओढणीने तोंड पुसत पुढे निघाले. मागून कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई रडतेय. मी खरंच रडत होते. पण मागे कुणी नव्हतं, आणि पुढे अजून बरीच जाळी होती.